हैदराबादची रेसिडेन्सी आणि जालन्याचा मुलूख

हैदराबाद शहरात मुसी नदीच्या उत्तर तीरावर उभी असलेली ब्रिटिश रेसिडेन्सी, म्हणजे निजामाच्या दरबारी नेमलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलाची हवेली, ही दख्खनमधील युरोपीय अभिजात शैलीची सर्वांत महत्त्वाकांक्षी वास्तू होय. जालना जिल्ह्याच्या इतिहासात तिचा उल्लेख सहसा येत नाही आणि वास्तुकलेच्या ग्रंथांत जालन्याचे नाव येण्याचे कारण नसते. परंतु ज्या 1803 साली या हवेलीचे काम सुरू झाले, त्याच वर्षी भोकरदनच्या परिसरातील असई येथे मराठ्यांच्या उत्तरेकडील सत्तेला जबर तडाखा बसला, आणि त्या लढाईनंतर जालन्याचा मुलूख शिंद्यांच्या हातून निघून ज्या निजामाकडे गेला, त्याच निजामाच्या खजिन्यातून या हवेलीचे खांब उभे राहिले. पुढील शंभर वर्षे जालन्यातील छावणीचे, पलटणींच्या खर्चाचे आणि अप्रत्यक्षपणे मराठवाड्यातील राजकारणाचे अनेक निर्णय या एका घराच्या दिवाणखान्यात ठरले किंवा तेथून वदवून घेतले गेले. म्हणून तिच्या दर्शनी भागाइतकीच तिची फाटके, तिची कुंपणभिंत आणि फाटकाबाहेरचा बाजार यांची हकीकतही लक्षात घेण्यासारखी आहे.

या सर्वाची सुरुवात 11 मार्च 1795 रोजी झालेल्या खर्ड्याच्या लढाईपासून धरता येते. तेथे मराठ्यांच्या एकत्रित फौजांनी निजाम अली खान याचा पराभव केला, आणि तटस्थ राहिलेल्या इंग्रजांवर रुष्ट होऊन निजामाने रेमंड या फ्रेंच सरदाराच्या हाताखालील कवायती फौज वाढवली. फ्रान्सशी युद्धात गुंतलेल्या कंपनी सरकारला दख्खनच्या मध्यभागी फ्रेंच अधिकाऱ्यांची फौज असणे परवडणारे नव्हते. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने 1 सप्टेंबर 1798 रोजी निजामाशी तैनाती फौजेचा तह घडवून आणला. तैनाती फौज म्हणजे संरक्षणाच्या नावाने संस्थानिकाच्या राज्यात ठेवलेली, त्याच्याच पैशाने पोसलेली, पण कंपनीच्या हुकमतीत राहणारी पलटण. या तहान्वये सहा पलटणींसाठी वर्षाला 24,17,100 रुपये देण्याचे निजामाने कबूल केले, आणि ऑक्टोबरमध्ये फ्रेंचांच्या हाताखालील फौज रक्तपाताशिवाय निःशस्त्र करण्यात आली. हे काम पार पाडणारा अधिकारी जेम्स अकिलीस किर्कपॅट्रिक हा त्यानंतर हैदराबादचा रेसिडेंट झाला. दोन वर्षांनी, 1800च्या तहाने, फौज आणखी वाढली आणि तिच्या खर्चापोटी म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूखही निजामाने कंपनीला देऊन टाकला.

रेसिडेंट तोपर्यंत नदीकाठच्या एका बागेतील जुन्या बंगल्यात राहत असे. किर्कपॅट्रिकला हे निवासस्थान आपल्या पदाला अपुरे वाटू लागले, यात केवळ व्यक्तिगत हौस पाहणे योग्य होणार नाही. कलकत्त्यात 1799 ते 1803 या काळात वेलस्लीने गव्हर्नमेंट हाऊस ही अवाढव्य वास्तू उभारली होती. हिंदुस्थानचे राज्य राजवाड्यातून चालवायचे, व्यापाऱ्याच्या वखारीतून नव्हे, असा त्यामागचा विचार होता, आणि संस्थानांतील रेसिडेंटांनी तोच कित्ता गिरवला. हैदराबादच्या वास्तूचा खर्च मात्र कंपनीने नव्हे, निजामाने उचलला. नंतरच्या लिखाणात याविषयी एक हकीकत आढळते, ती अशी, की किर्कपॅट्रिकने आधी मोठ्या कागदावर काढलेला नकाशा निजामापुढे ठेवला तेव्हा त्याने नकार दिला, कारण तेवढ्या आकाराचा नकाशा त्याने आपल्या राज्याचाच पाहिला होता. मग तीच आकृती लहानशा पत्त्यावर काढून दाखवताच ती मंजूर झाली. हकीकतीला दरबारी विनोदाचा रंग असला तरी पैसा कोणाचा आणि घर कोणाचे, हे तिच्यातून नेमके कळते.

वास्तूचा आराखडा मद्रास इंजिनिअर्स या दलातील लेफ्टनंट सॅम्युअल रसेल याने केला. तो जॉन रसेल या इंग्लंडच्या रॉयल अकॅडमीच्या चित्रकाराचा मुलगा होता. त्याने स्वीकारलेली शैली अभिजात म्हटली जाते ती प्राचीन ग्रीक व रोमन देवालयांच्या प्रमाणबद्धतेवर आधारलेली म्हणून. सोळाव्या शतकात इटलीतील आंद्रेआ पॅलाडिओ याने ही प्रमाणे खासगी हवेल्यांना लावून दाखवली, आणि अठराव्या शतकातील इंग्लिश उमरावांनी आपल्या जहागिरींवरील घरांसाठी ती उचलली. या शैलीत घराचा दर्शनी भाग मधोमध दुभागला तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात, मध्यभागी स्तंभांचा पुढे आलेला मंडप असतो, आणि त्या स्तंभांच्या माथ्यावर एक रुंद त्रिकोणी शिखरपट्टी बसवलेली असते. रेसिडेन्सीच्या उत्तर दर्शनी भागात असे सहा स्तंभ असून त्यांची उंची सुमारे 40 फूट आहे. ते कोरिंथियन पद्धतीचे, म्हणजे शिरोभागी अकँथस नावाच्या वनस्पतीच्या पानांची दाट नक्षी असलेले आहेत. वरच्या त्रिकोणात ईस्ट इंडिया कंपनीचे राजचिन्ह कोरलेले आहे. खाली वीसहून अधिक रुंद पायऱ्यांची चढण असून तिच्या दोन्ही बाजूंना दोन भव्य सिंह बसवलेले आहेत. दक्षिणेकडची, नदीच्या बाजूची भिंत अर्धगोलाकार पुढे आलेली आहे, त्यामुळे एकीकडून देवालयासारखी गंभीर वाटणारी ही वास्तू दुसरीकडून उन्हाळी बंगल्यासारखी मोकळी भासते.

हे सगळे दगडाचे आहे असे लांबून वाटते, पण बांधकाम मुख्यतः वीट आणि चुन्याचे आहे. घोटून घोटून संगमरवरासारखी तकाकी आणलेल्या चुन्याचा गिलावा ही दक्षिणेतील गवंड्यांची जुनी विद्या होती, आणि रोमन स्तंभाच्या पन्हळी असोत की अकँथसची पाने असोत, ती ज्या हातांनी घडवली त्यांना रोमचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आतमध्ये दोन मजल्यांइतक्या उंचीचा दरबार हॉल, त्याच्या भोवतीचे सज्जे, आणि मागे दोन फाट्यांनी वर जाणारा प्रशस्त जिना आहे. हैदराबादला येऊन गेलेल्या जॉन माल्कम या कंपनीच्या अधिकाऱ्याने या वास्तूची तुलना कलकत्त्याच्या गव्हर्नमेंट हाऊसशी केली आणि मद्रासचे सरकारी घर तिच्यापुढे फिके ठरवले. स्वतः किर्कपॅट्रिकला तिचा उपभोग फारसा मिळाला नाही, कारण ऑक्टोबर 1805 मध्ये कलकत्त्यात त्याचा मृत्यू झाला आणि उरलेले काम पुढच्या रेसिडेंटांच्या काळात पुरे झाले.

या घराच्या रचनेतील खरा फरक समजण्यासाठी त्याची तुलना दख्खनी वाड्याशी करावी लागते. वाड्याची बाहेरची भिंत बहुधा कोरी असते. ऐश्वर्य चौकाच्या आत, आणि बाहेरच्या माणसाला दिसतो तो दरवाजा, त्याला लागून देवडी, देवडीवर नगारखाना. तेथे पहारेकरी बसतात, पाहुणा थांबतो, आणि आत कोण जाणार हे तेथेच ठरते. म्हणजे दरवाजा हा घराचाच एक भाग असतो. पॅलाडिओच्या पद्धतीच्या घरात क्रम नेमका उलटा आहे. घर बागेच्या मधोमध, चारी बाजूंनी दिसेल असे उभे असते, आणि फाटक व त्याजवळचे चौकीघर जहागिरीच्या कडेला, दूर नेऊन ठेवलेले असते. फाटकातून आत शिरलेल्या माणसाने वळणदार रस्त्याने येताना स्तंभांची रांग हळूहळू मोठी होताना पाहावी, असा त्यामागचा हेतू असतो. म्हणून इंग्लंडमध्ये चौकीघर लहान पण घराच्याच शैलीचे बांधत, आणि हैदराबादलाही फाटके अभिजात कमानींचीच होती.

पण रेसिडेन्सीच्या आवारात दुसऱ्या पद्धतीचे घरही होते. हैदराबादच्या उमराव घराण्यातील खैर-उन-निसा हिच्याशी किर्कपॅट्रिकने मुसलमानी पद्धतीने विवाह केला होता, आणि तिच्यासाठी त्याने बागेतच रंगमहाल नावाचा जनाना बांधला, ज्यात कारंज्यांचा चौक, भोवती ओवऱ्या आणि बंदिस्त दरवाजा असे सारे दख्खनी पद्धतीचे होते. पडद्यात राहणाऱ्या या बेगमेला मोठी हवेली बाहेरून पाहता येत नसे, म्हणून तिच्यासाठी हवेलीची लहान प्रतिकृती जनान्यामागच्या बागेत बांधवली अशी परंपरा आहे. ती प्रतिकृती मोडक्या अवस्थेत का होईना, विसाव्या शतकापर्यंत टिकली. एकाच आवारात दोन संस्कृतींची दोन घरे असणे 1800च्या सुमारास शक्य होते, पन्नास वर्षांनी नव्हते. रंगमहाल 1860च्या सुमारास पाडण्यात आला, कारण व्हिक्टोरियन काळातील अधिकाऱ्यांना तो अनैतिकतेचे स्मारक वाटू लागला होता.

आता 1803 च्या घटनांकडे वळले पाहिजे. त्या वर्षी 6 ऑगस्टला निजाम अली खानचा मृत्यू झाला आणि त्याचा मुलगा सिकंदर जाह गादीवर आला. त्याच आठवड्यात आर्थर वेलस्लीने, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या धाकट्या भावाने, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याविरुद्धचे युद्ध अहमदनगरच्या वेढ्याने सुरू केले. हैदराबादची तैनाती फौज कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली होती, आणि तिने सप्टेंबरच्या आरंभी जालन्याचा किल्ला घेतला. हा किल्ला मूळचा आसफजाही राजवटीचाच. पहिल्या निजामाच्या काळात, 1725 साली, काबिल खानाने तो कुंडलिका नदीजवळ बांधला होता, आणि पुढे मुलूख मराठ्यांकडे गेल्यावर तो शिंद्यांच्या अंमलाखाली आला होता. 21 सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूर येथे भेटले आणि दोन वेगवेगळ्या वाटांनी निघून भोकरदनच्या बाजूला शत्रूला एकत्र गाठायचे असे ठरले. प्रत्यक्षात 23 तारखेला वेलस्लीला मराठ्यांचा तळ अपेक्षेपेक्षा आधी लागला, आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने केळणा नदी ओलांडून असई येथे हल्ला चढवला. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफखाना शेवटपर्यंत लढले. वेलस्लीच्या सैन्याची जीवितहानी व जखमी मिळून दीड हजारांहून अधिक झाली, आणि मराठ्यांच्या जवळजवळ शंभर तोफा त्याच्या हाती पडल्या. पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून नाव कमावलेल्या या सेनापतीने असईची लढाईच आपली रणांगणावरील सर्वोत्तम कामगिरी मानली.

जालन्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट रणांगणावर नव्हे, कागदावर घडली. 30 डिसेंबर 1803 रोजी सुर्जी अंजनगाव येथे झालेल्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला, आणि त्यात जालनापूरचा किल्ला व परगणा यांचा नावानिशी समावेश होता. पुढच्या वर्षीच्या वाटणीत तो निजामाला मिळाला. अशा रीतीने लढाई कंपनीने केली, मुलूख निजामाला लाभला, आणि त्या मुलखावर फौजेच्या रूपाने खरी पकड रेसिडेंटची बसली. निजामाने बांधून दिलेल्या घरात त्याच्यावरच नजर ठेवणारा अधिकारी राहतो, ही रेसिडेन्सीमागची व्यवस्था जालन्यातही हुबेहूब उतरली. कुंडलिकेच्या काठच्या जुन्या गावाबाहेर 1827 साली छावणी वसवण्यात आली; गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले, कवायतीचे मैदान आणि छावणीचा बाजार अशी तिची रचना होती, आणि ‘सदर बाजार’ हे नाव जालन्यात आजही वापरात आहे. जुन्या वस्तीला मात्र कदीम जालना म्हणतात. ही छावणी 1903 साली मोडली.

फौजांचा खर्च हाच पुढील अर्धशतकातला निजाम व रेसिडेंट यांच्यामधील सततचा वाद होता. तैनाती फौजेखेरीज निजामाच्या नावाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही आणखी एक फौज उभी राहिली, तिचा पगार भागवण्यासाठी सावकारांचे कर्ज झाले, आणि रेसिडेन्सीच्या सावलीतच पेढी थाटलेल्या विल्यम पामर आणि कंपनीच्या व्यवहारांवरून तर इंग्लंडपर्यंत वादळ उठले. शेवटी 1853 साली, कर्नल लो रेसिडेंट असताना, थकलेल्या पगारापोटी वऱ्हाड प्रांत कंपनीच्या ताब्यात देण्याचा करार निजामाकडून करवून घेण्यात आला. जालन्याला लागूनच असलेला हा प्रदेश त्यानंतर निजामाच्या प्रत्यक्ष कारभारात कधीही परत आला नाही.

रेसिडेन्सीची फाटके इतिहासात ठळकपणे येतात ती 1857 मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये औरंगाबादच्या कंटिंजंटमधील घोडेस्वार पलटणीत बंडाळी झाली. बुलढाण्याच्या तुकडीतून निघून आलेला जमादार चीदा खान आपल्या साथीदारांसह हैदराबादेत शिरला, तेव्हा दिवाण सालारजंग याने त्याला पकडून रेसिडेन्सीच्या स्वाधीन केले. त्याच्या सुटकेची मागणी करीत 17 जुलैच्या संध्याकाळी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या मागे रोहिल्यांचा मोठा जमाव निघाला; त्यांनी पुतळी बावडीच्या बाजूच्या दोन घरांच्या गच्च्या ताब्यात घेतल्या, आवाराच्या पश्चिमेकडील फाटक फोडले आणि रात्रभर गोळीबार केला. रेसिडेंट डेव्हिडसनला सालारजंगाकडून आगाऊ इशारा मिळालेला होता, तोफा सज्ज होत्या, आणि पहाटेपर्यंत हल्ला मोडला. तुर्रेबाज खानाला पकडून जन्मठेपेची शिक्षा झाली, तो तुरुंगातून निसटला, आणि जानेवारी 1859 मध्ये त्याला गोळी घालून मारल्यावर त्याचे प्रेत शहरात जाहीरपणे टांगण्यात आले. मौलवीची रवानगी अंदमानला झाली.

या एका रात्रीने वास्तूचे स्वरूप बदलले. बागेभोवतीची साधी भिंत आता तटासारखी उंच झाली, कोपऱ्यांवर बुरुज आले, आणि शोभेसाठी दूर नेऊन ठेवलेली फाटके पुन्हा मराठी किल्ल्यांच्या दरवाजांप्रमाणे अडवण्याच्या कामाची झाली. व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केल्यानंतरच्या काळात एका फाटकाला ‘एम्प्रेस गेट’ हे नाव पडले, आणि 1888 ते 1894 या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॅन्सडाउनच्या नावाने दुसरे फाटक ओळखले जाऊ लागले. नावे साम्राज्याची असली तरी भिंतीची उंची त्याच साम्राज्याच्या भीतीची कबुली देत होती. दरबारी शिष्टाचारातही असाच बदल झाला; 1869 साली लहानग्या मीर महबूब अली खानाला गादीवर बसवताना रेसिडेंट साँडर्सने बूट न काढता आणि खुर्चीवर बसून हजर राहण्याचा आग्रह धरला, आणि जमिनीवर बसण्याची जुनी प्रथा संपली. दुसरीकडे शहरातील उमरावांनी मात्र स्तंभांची ही भाषा आपलीशी केली होती, याचे उत्तम उदाहरण म्हणजे शतकाच्या अखेरीस विकार-उल-उमरा याने टेकडीवर बांधलेला फलकनुमा महाल.

रेसिडेन्सीच्या फाटकाबाहेरचा बाजार हा मराठी वाचकाच्या दृष्टीने या हकीकतीतला सर्वांत जवळचा भाग आहे. हा बाजार रेसिडेंटच्या अधिकारक्षेत्रात असल्यामुळे तेथे निजामाचे सभाबंदीचे नियम लागू नसत, आणि ब्रिटिश सत्तेच्या भिंतीलाच टेकून निजामी राजवटीविरुद्धचे सार्वजनिक जीवन वाढले. आर्य समाजाची शाखा येथे 1892 साली स्थापन झाली, तेलुगू ग्रंथालय 1901 साली निघाले, आणि या परिसरात मराठी कुटुंबांनी आपल्या शाळा व संस्था उभ्या केल्या, ज्यांतील मराठी ग्रंथसंग्रहालय 1922 सालचे आहे. हा बाजार 1933 साली निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार हे नाव रूढ झाले, तेव्हा ही सवलत आटली. पण तोपर्यंत तयार झालेल्या कार्यकर्त्यांनी मराठवाड्याकडे मोर्चा वळवला होता. निजामी राज्यातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 साली जालना जिल्ह्यातीलच परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाची पहिली तुकडी त्यांच्याच नेतृत्वाखाली हैदराबादेत उतरली.

ब्रिटिश गेल्यावर रेसिडेंटचे पदच उरले नाही. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले, आणि 1924 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय 1949 मध्ये या वास्तूत आले. दरबार हॉलखाली वर्ग भरू लागले, छपरातून पाणी गळू लागले, आणि दुरुस्तीला निधी नसल्याने सिंहांच्या पायऱ्यांवर झाडे उगवली. विल्यम डॅलरिंपल यांचे ‘व्हाइट मुघल्स’ हे पुस्तक 2002 साली प्रसिद्ध झाल्यावर किर्कपॅट्रिक आणि खैर-उन-निसा यांची कहाणी जगभर पोहोचली, आणि त्याच सुमारास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातील वास्तूंच्या यादीत या घराचा समावेश केला; नंतरच्या दोन दशकांत छप्पर, दरबार हॉल, स्तंभमंडप आणि फाटकांचीही डागडुजी झाली. पुस्तकाने लोकप्रिय केलेली प्रेमकथा खरी असली तरी तिच्यामुळे या वास्तूचे राजकीय स्वरूप झाकले गेले आहे, असे म्हणावे लागते. घर प्रेमासाठी नव्हे, तैनाती फौजेच्या तहासाठी बांधले गेले होते, आणि त्या तहाची किंमत जालन्यासारख्या परगण्यांनी मोजली. महाविद्यालयाचे 2022 साली तेलंगण महिला विद्यापीठ झाले, आणि 2024 साली त्याला जमीनदारांविरुद्ध लढलेल्या चाकली इलम्मा या शेतकरी स्त्रीचे नाव देण्यात आले.